सात दिवस सुपावर

माझा डावा डोळा लहानपणीच ज्वारीचं धाट लागून गेला. उरलेल्या एका डोळ्यावर मी सत्तेचाळीस वर्षं घरच्या तुरीचं बियाणं निवडलं. उदगीरकडची चार गावं आमच्याकडून बी न्यायची.

गेल्या फाल्गुनात सुपावर बसले की उजव्या डोळ्यावर पदराचा काठ यायला लागला. मी सारखा मागं सारायची. दोन दिवसांनी सून दामिनी म्हणाली, "आत्याबाई, पदर तर कवाच खांद्यावर पडलाय. हवेत काय सारून राहिल्या?"

आधी डोळ्यात विजा चमकत होत्या, हेही मग मी सांगून टाकलं. तिनं तवा तसाच उतरवला आणि मला लातूरच्या एसटीत बसवलं.

"आजी, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय," डॉक्टर देविकाबाई म्हणाल्या. "मधली जागा अजून चिकटून आहे. चार दिवस उशीर केला असता तर तीही गेली असती."

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. पडदा दाबून धरायला आत गॅस भरला होता. सात दिवस तोंड खाली ठेवायचं, जेवताना, झोपतानासुद्धा. लोक तिसऱ्या दिवशीच कंटाळतात, असं त्यांनी बजावलं.

"बाई, आम्ही जन्मभर खालीच बघून राहिलो," मी म्हटलं. "मला फक्त सूप द्या."

घरी आमचे मालक ग्यानोबा हसले. "दिसत न्हाई, आन् बी निवडणार! आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय."

"गप बसा. बोटं उघडी हायत माझी."

नवी नवरी होते तेव्हा सासूबाई तेल वाचवायला कंदील विझवायच्या आणि दाणा बोटानं ओळखायला लावायच्या. किडीचं छिद्र, सुरकुती, पोचट दाणा, सगळं बोटांना आठवत होतं. संध्याकाळी दामिनी सूप तपासायची. पहिल्या दिवशी तिला तीस दाणे खराब सापडले, सातव्या दिवशी दोन.

पुढं महिनाभर डोळ्यात तांब्यातल्या पाण्यासारखी रेघ डुचमळायची आणि रोज थोडी खाली सरकायची. तेवढे दिवस उरलेलं बी मालकांनी निवडलं. गॅस गेल्यावर देविकाबाईंनी तपासलं. पडदा पक्का बसला होता. नवा चष्मा लावून मी तक्त्याच्या खालून तिसऱ्या ओळीपर्यंत गेले. दाराची चौकट अजून जरा वाकडी दिसते. पण ती सुताराचीच चूक असेल, असं मी धरून चालते.

पेरणीच्या आधी मालकांनी त्यांच्या पोत्यातली तूर सुपात घेऊन माझ्यापुढं ठेवली. मी उजेडाला बसून सहा दाणे बाजूला काढले.

"चुकलीस," ते म्हणाले. "म्या परीक्षा घ्यायला पाचच किडके टाकले होते."

"मग सहावा तुमचा."

दामिनी पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. मालकांनी तो दाणा उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला. मग स्वतः निवडलेलं अख्खं पोतं आणून माझ्यापुढं ओतलं.