दहापैकी किती

सीरतने लाल पेनाचं टोपण दातात धरलं आणि सत्तावन्नाव्या फॉर्मवरच्या दहाच्या आकड्याभोवती गोल काढला. मग अठ्ठावन्नावा ओढला. त्यावरही दहा. एकोणसाठाव्यावर नऊ दिसले तेव्हा तिला त्या माणसाचं कौतुकच वाटलं.

"झालं तुमचं रंगकाम?" समोर बसलेल्या डॉक्टर बन्सल म्हणाल्या. त्या सकाळीच जिल्ह्याहून आल्या होत्या आणि चहाला हात न लावता लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. "आता माझा आकडा ऐका. नौधेवालच्या व्यसनमुक्ती केंद्रात माणूस पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याचं मन दहापैकी नऊ पूर्णांक सात. सहा महिने तुमची गोळी घेतो, तुमच्याशी बोलतो, आणि मग चार पूर्णांक नऊ. म्हणजे तुमच्याकडे आलेला माणूस निम्मा होऊन जातो."

"निम्मा नाही मॅडम, खरा होऊन जातो."

सीरतला समुपदेशकाची ही नोकरी लागून आठ महिने झाले होते. मुलाखतीला जाताना तिच्या आईने तीनदा बजावलं होतं, फार बोलू नकोस. ती फार बोलली होती, आणि निवडली गेली होती. तेव्हापासून तिने तो सल्ला कायमचा रजेवर पाठवला होता.

"पहिल्या दिवशी आमचा डेटावाला मुलगा विचारतो, कसं वाटतंय, दहापैकी किती. समोरचा काय म्हणतो? चढदी कला. आता मॅडम, तुम्हीही इथल्याच, पंजाबच्याच. घर जळत असलं आणि कुणी विचारलं, काय हालहवाल, तरी आपला माणूस म्हणणार, चढदी कला जी, मन एकदम वर आहे. ते काय उत्तर आहे? तो रामराम आहे. आमच्या पोराने रामराम ऐकला आणि दहा लिहिले."

डॉक्टर बन्सलांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तेवढाच.

"तर्क छान आहे. पण मला तर्क रिपोर्टात लिहिता येत नाही. चार केंद्रांतलं एक बंद करून जिल्हा रुग्णालयाला जोडायचं आहे, आणि खालून पहिलं तुमचं आहे."

जिल्हा रुग्णालय एकतीस किलोमीटरवर. गोळी रोज, नर्सच्या डोळ्यांदेखत, जिभेखाली ठेवून विरघळवायची. आठवड्यावर गव्हाची कापणी आलेली. रोज सकाळी बासष्ट किलोमीटर कोण जाईल, याची यादी सीरतने मनातल्या मनात केव्हाच केली होती. ती अकरा नावांवर संपत होती. उरलेले कुठे जातील हेही तिला माहीत होतं. नशेचा माल घरपोच मिळायचा.

"मग तुम्हीच बसा," ती म्हणाली. "आज सहा महिने पूर्ण झालेले चौघे येणार आहेत. त्यांची हरकत नसेल तर बसून ऐका. ते कसं उत्तर देतात ते बघा, आणि मग लिहा काय लिहायचं ते."

"बसते."

पहिला आला मुख्तियार, दूधवाला. मॅडम बसल्या तर चालेल, म्हणाला. सीरतने झोपेचं विचारलं, घरचं विचारलं, आणि मग, "आज मन दहापैकी किती?"

"दहा," मुख्तियार छताकडे बघत म्हणाला.

सीरतने पेन थांबवलं. गेल्या महिन्यात याच माणसाने पाच सांगायला पाऊण तास घेतला होता.

दुसरा आला. "दहा जी. पूर्ण दहा."

तिसऱ्याने तर खुर्ची ओढण्याआधीच सांगून टाकलं. "दहा. मी जाऊ?"

डॉक्टर बन्सल टाइप करत होत्या. प्रत्येक दहाला एकच टकटक, आणि ती सीरतच्या कानात खिळ्यासारखी बसत होती. तिसरा गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचे खरे झालेले?"

सीरत उठून बाहेर गेली. औषधाच्या खिडकीत किरपालबीबी, केंद्राची नर्स, चष्मा कपाळावर चढवून गोळ्या मोजत होती. चेहरा इतका निष्पाप की शंका यायलाच हवी.

"बीबी, तुम्ही त्यांना काही सांगितलंत?"

"मी कशाला काय सांगू? मी फक्त म्हटलं, आज मोठ्या मॅडम आल्यात, केंद्राला टाळं लावायला. आकडा विचारतील, तर जरा हात सैल सोडा."

"बीबी."

"काय बीबी? तू चार नि पाच लिहीत बस, पुत्त. परीक्षेत पोरं नापास करून कुठली शाळा चालली आहे?"

"तीन जणांनी एकच आकडा सांगितला. आता त्या आपल्याला खोटारडेही समजतील."

किरपालबीबी गोळ्या मोजायची थांबली. "मग चौथ्याला परत सांगू?"

"आता कुणाला काही सांगू नका. चाचाजींना आत पाठवा, गोळीच्या आधी."

"त्याला दिलीसुद्धा. त्याला कापणीचं कंबाइन यंत्र घेऊन मेकॅनिककडे जायचंय, घाईत होता. दहा मिनिटं तोंड उघडायचा नाही. बोटांनी सांगेल."

बलौर सिंग आत आला तो गाल किंचित फुगवून, ओठ घट्ट मिटून. सहा फूट माणूस, पण दारातून नेहमी तिरका होऊन शिरायचा. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्या भावाने त्याला घोंगडीत गुंडाळून मोटरसायकलवर आणलं होतं, दात वाजत होते, आणि त्या वाजणाऱ्या दातांतूनच तो चढदी कला म्हणाला होता. सीरतने त्या दिवशीचा फॉर्म मॅडमपुढे सरकवला. दहा. त्याखाली तिने गेल्या महिन्याचा ठेवला. तीन. त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीत झालेल्या मुलीच्या लग्नात आपण कसे वागलो, ते त्याला हळूहळू आठवायला लागलं होतं.

"चाचाजी, या मॅडम बसल्या तर चालेल?"

बलौर सिंगने मान हलवली.

"आज मन दहापैकी किती?"

त्याने दोन्ही पंजे वर केले. दहा बोटं, ऐसपैस, फळ्यावर मारल्यासारखी. डॉक्टर बन्सलांचं बोट कीबोर्डकडे गेलं.

सीरतने फॉर्मवर पेन टेकवलं. दहा लिहायला किती वेळ लागतो? एक उभी रेघ, एक शून्य. समोरचा माणूस तिच्याचसाठी खोटं बोलत होता, आणि दाराच्या फटीतून किरपालबीबीचा चष्मा चमकत होता. तिने पेन खाली ठेवलं.

"हे मला सांगताय की मॅडमना?"

पंजे वरच राहिले.

"मला सांगत असाल तर खरं सांगा. केंद्राचं मी बघते. ते तुमचं काम नाही."

गोळी विरघळत होती. बलौर सिंगने एकदा जपून गिळलं. मग त्याचा डावा हात खाली आला आणि मांडीवर पालथा पडला. उजव्या पंजाकडे तो असा बघायला लागला जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. अंगठा आत वळवला. चार बोटं. पुन्हा अंगठा थोडा बाहेर काढला. परत आत. शेवटी तो मधेच थांबला, पेरातून दुमडलेला, ना उघडा ना मिटलेला.

डॉक्टर बन्सल पुढे झुकल्या. "हा अंगठा?"

"अर्धा," सीरत म्हणाली. "साडेचार."

बलौर सिंगने जोरात मान डोलावली.

"फॉर्ममध्ये अर्धा बसत नाही."

"माहीत आहे मॅडम. अलीकडे बरेच जण सांगतात. मी खालचा आकडा लिहिते."

"म्हणजे तुमचे चार पूर्णांक नऊ..." डॉक्टर बन्सल बोलता बोलता थांबल्या. त्यांनी तिन्ही दहा जिथे टाइप केले होते त्या ओळींवर नजर फिरवली आणि त्या एकेक करून पुसल्या. "उद्या किती जण येणार आहेत?"

"बेचाळीस."

"सगळ्यांना गोळीच्या आधी आत पाठवा. मी आठला येते. आणि त्या बाईंना दारापासून लांब बसवा."

दाराच्या फटीतला चष्मा नाहीसा झाला.

"याचं काय लिहू मॅडम?" सीरतने विचारलं.

"तो काय म्हणतोय ते लिहा."

सीरतने पेन उचललं. चौकट लहान होती. चारच्या पुढचा अर्धा तिला समासात काढावा लागला. बलौर सिंग तिच्या पेनाकडे बघत होता, आणि तो अर्धा कागदावर नीट उतरेपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.