दोघांची एक थाळी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची थाळी आहे. स्वभावाने जळकी आहे, हे आधीच सांगते.

मच्छिंद्र आणि सविताच्या लग्नात मी आहेरात आले. लग्नानंतर बिऱ्हाड खुटबावहून कारेगावला हललं. मच्छिंद्र जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या शेडवर लागला. घरी आला की राखाडी हातांनी तसाच जेवायचा आणि मागून सविता माझ्यातच, न धुता. "नवऱ्याच्या उष्ट्यात बरकत असती," हे सासूबाई वच्छलाबाईंचं शास्त्र. मी तोऱ्यात असायची.

सविताला दोनदा दिवस गेले, पण गर्भ टिकला नाही. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं. त्यात शिसं जास्त निघालं आणि लोह कमी. अंगात लोह-कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त मुरतं, म्हणून त्यांच्या गोळ्यांच्या बाटल्या दिल्या.

त्या बाटल्यांचं काय कौतुक! वच्छलाबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसवून कुंकू लावलं. कालची प्लॅस्टिकची पोर देवाच्या मांडीला मांडी लावून बसलेली, आणि मी मोरीत!

गोळ्या संपल्या, तरी रक्तातलं शिसं हटेना. सविता शिरूरहून तरातरा आली.

"आवं, बाई म्हनल्या, गोळ्या नुसता आधार देत्यात. शिसं आत येतंय ती वाट आधी बंद करा. तुमी तिकडंच आंघूळ करून, कपडे बदलून या. आन् मी येगळ्या थाळीत जेवनार."

"आज येगळी थाळी, म्हंजी उद्या येगळी चूल!" वच्छलाबाई कडाडल्या.

"आई," मच्छिंद्र म्हणाला, "बाटलीला कुकू लावतीस आन् सुनंला माज्या हातचं शिसं चारतीस व्हय?"

दुसऱ्याच दिवशी माझी सवत घरात आली, कोरी करकरीत! सविता तिच्यात मेथीवर लिंबू पिळून जेवायची. मच्छिंद्र शेडवरच आंघोळ करून यायचा आणि दुसऱ्या ताटात जेवायचा; मी रिकामी मांडणीवरून बघायची आणि जळायची.

पुढच्या तपासण्यांत शिसं उतरत गेलं. डॉक्टरीणबाईंनी होकार दिल्यावर पुन्हा दिवस गेले, आणि या वेळी मुलगी झाली. आळी म्हणाली, "गोळ्या लागू पडल्या!" बाटल्यांचा मान झाला, सवतीचाही झाला. माझ्या नावावर भोपळा!

पोरीच्या उष्टावणाला वच्छलाबाईंनी सवयीने खिरीसाठी मलाच उचललं. सवितानं त्यांचा हात धरला, "आत्याबाई, ती नगं."

खीर सवतीत वाढली गेली. पोरीनं बोट चाटलं, खुदकन हसली. मी जळून कोळसा झाले. तरी मनात म्हटलं, बरं झालं, नाही म्हणाली.

मित्रांनो, गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. पण त्याआधी हात धुवा, कामाचे कपडे घरात आणू नका. आणि एखादी थाळी बाजूला ठेवलीत, तर येता-जाता तिचंही नाव घ्या. त्या घरात जेवण सवतीनं वाढलं, पण उपास मी केला.