सोबत आणलेली बाई

फोन आला तेव्हा ताई नुकतीच तलावावरून पोहून आली होती. ओले केस टॉवेलात गुंडाळून ती चहा गाळत होती.

"ताई, बॅग भर. बेटावर जायचंय," पलीकडून धाकटा भाऊ म्हणाला.

"कुठल्या बेटावर?"

"अगं, समुद्रातल्या. ऑफिसनं सहल काढली आहे. मोठं रिसॉर्ट आहे. नारळाची झाडं, निळं पाणी, सगळं. तूही यायचंस आमच्याबरोबर."

"मी कशाला तुमच्यात लुडबुड करायला?" ती तोंडदेखलं म्हणाली. पण चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला जातोय हे तिला उशिरा कळलं.

समुद्र तिनं पाहिला नव्हता. वडिलांमागून आईही गेली तेव्हा भाऊ शाळेत होता आणि ताई नुकतीच नर्स होऊन लहान मुलांच्या वॉर्डात लागली होती. मग त्याचं शिक्षण, त्याची नोकरी, त्याचं लग्न. तिचं स्वतःचं लग्न जमलं नाही असं नाही, ते जमवायला कुणी बसलंच नाही. या सगळ्याला लोक त्याग म्हणत. तिला त्या शब्दाचा राग येई. "त्याग कसला? माझाच भाऊ आहे तो, रस्त्यावर सापडलेला नाही," असं ती फटकन सुनावत असे.

निवृत्त झाल्यावर मात्र तिनं एक गोष्ट फक्त स्वतःसाठी केली. ती पोहायला शिकली. सुरुवातीला मांजरीसारखी पाण्याकडे बघत काठावरच बसायची. आता अख्खा तलाव न थांबता पार करायची. बेटाची बातमी ऐकून तलावावरच्या बायका म्हणाल्या, "समुद्राला आधीच सांगून ठेवा, आमची बाई येतेय, जरा सांभाळून घे म्हणून." ताईनं पोहायचा नवा पोशाख घेतला, गडद निळा, लांब बाह्यांचा. घरी आरशासमोर घालून बघितला आणि एकटीच हसली.

बोटीतून उतरल्यावर रिसॉर्टच्या माणसांनी सगळ्यांच्या हातात थंड सरबत दिलं. भावाबरोबर त्याच्या ऑफिसची आणखी दोन कुटुंबं होती. एक त्याच्या मोठ्या साहेबांचं आणि एक त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं. भाऊ काउंटरवर जाऊन सगळं आटोपून आला आणि त्यानं एकेकाच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधली. स्वतःला, बायकोला आणि चार वर्षांच्या लेकीला, पिल्लूला निळी. बायकोच्या कडेवरच्या तान्ह्या मुलाला पट्टी लागत नव्हती. ताईला करडी.

"माझी वेगळी का रे?"

"असंच असतं गं. खोल्यांप्रमाणे रंग देतात," तो पट्टीचं बटण दाबत म्हणाला. मान त्यानं वर केली नाही.

भावाचं कुटुंब पाण्यावर बांधलेल्या लाकडी घरात राहणार होतं. ताईची खोली मागच्या बाजूला होती, कपडे धुण्याच्या यंत्रांपलीकडे. एका भिंतीला वरखाली दोन पलंग, खिडकीतून वाफेचा आणि साबणाचा वास. एवढ्या माणसांच्या गर्दीत कुणाला तरी मागची खोली मिळणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. वॉर्डात तर तिनं खुर्चीवर बसून रात्री काढल्या होत्या. खालच्या पलंगावर साधारण तिच्याच वयाची एक बाई सामान लावत होती. दोघींनी हसून एकमेकींना जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तान्ह्याला कडेवर घेऊन सगळ्यांबरोबर नाश्त्याच्या दालनापर्यंत गेली. दारातल्या माणसानं तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि नम्रपणे हात आडवा केला.

"तुमची सोय मागे आहे, बाई."

भाऊ चार पावलं पुढे होता. त्यानं ऐकलं. त्याचे खांदे जरासे आवळले गेले ते ताईला मागून दिसलं. मग तो वळला आणि म्हणाला, "बाळाला जरा मोकळ्या हवेत फिरव ना. आत कलकलाट आहे. मी काहीतरी पाठवतो."

त्यानं काही पाठवलं नाही. खोलीतल्या बाईनं तिला मागच्या जेवणघरात नेलं. तिथं स्वयंपाकी, झाडूवाले आणि पाहुण्यांबरोबर आलेल्या काही बाया लांब बाकांवर बसून खात होत्या.

"तुम्ही कुणाकडे कामाला?" त्या बाईनं ब्रेडला लोणी लावत विचारलं. "मी मोठ्या साहेबांकडे. त्यांच्या मुलाच्या जन्मापासून आहे."

"मी कामाला नाही. माझा भाऊ आहे तो."

बाईचा सुरीवरचा हात थांबला. तिनं ताईची पट्टी पाहिली, स्वतःची पाहिली. दोन्ही करड्या. तिनं लोणी लावलेला तुकडा ताईच्या बशीत ठेवला आणि चहा आणायला उठली.

तरीही ताईनं मनाला आवर घातला. चूक असेल, काउंटरवरच्या पोरींनी गोंधळ घातला असेल. एवढ्या तेवढ्यावरून भावाला धारेवर कशाला धरायचं? दुपारी मुलं झोपल्यावर तिनं निळा पोशाख घातला, वरून झगा चढवला आणि किनाऱ्यावर गेली. तलावाच्या पाण्यापेक्षा हे पाणी जिवंत होतं. ते पुढे येत होतं, मागे जात होतं, जणू हात धरून ओढत होतं. घोट्यापर्यंत आत गेली असेल नसेल, तोच शिट्टी वाजली. लाल टोपी घातलेला पहारेकरी पळत आला.

"हा किनारा पाहुण्यांसाठी आहे."

"मी पाहुणीच आहे."

त्यानं पट्टीकडे बोट दाखवलं. "सोबत आलेल्या बायांना मुलांबरोबर काठावर बसता येतं. पाण्यात नाही. नियम आहे, मी तरी काय करू?"

आरामखुर्च्यांवर पहुडलेली दोन माणसं मान उंचावून बघू लागली. ताईनं झगा अंगावर ओढला आणि सरळ लाकडी घराकडे गेली. भाऊ नुकताच झोपून उठला होता.

"मला काय म्हणून आणलंयस तू इथे?"

आधी तो हसला. मग उडवाउडवी करून पाहिली. शेवटी पलंगाच्या कडेवर बसला. "ऑफिसचा नियम आहे, ताई. नवरा, बायको, मुलं आणि मुलं सांभाळायला एक बाई. एवढ्यांचीच सोय करतात. घरच्यांत बहीण मोडत नाही."

"बहीण घरच्यांत मोडत नाही," ताईनं वाक्य तसंच्या तसं परत म्हटलं.

"त्यांच्या हिशेबात गं! आपल्या नाही. म्हटलं, नावापुरतं लावू. तुला समुद्र बघायचा होता ना?"

भावजय आरशासमोर केस विंचरत होती. ती न वळता म्हणाली, "आणि खरं सांगू का ताई, मोठ्या लोकांच्यात तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं असतं. तान्हाही तुमच्याशिवाय राहत नाही. आम्हाला वाटलं, सगळ्यांचीच सोय होईल."

"साहेबांना माहीत आहे, मी कोण ते?"

भावजयीनं कंगवा खाली ठेवला.

"उद्या जेवताना सांगतो," भाऊ म्हणाला. "सगळे एकत्र असतील तेव्हा. शपथ. आता तमाशा नको करूस."

ताईनं त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडांच्या सावलीत, वाळूवरच मोठं टेबल मांडलं होतं. मुलं असल्यामुळे सोबतच्या बायांनाही मागे उभं राहायची मुभा होती. ताई तान्ह्याला खांद्यावर घेऊन भावाच्या खुर्चीमागे उभी राहिली. तो आत्ता बोलेल, मग बोलेल. सरबत झालं, जेवण आलं, साहेबांचे विनोद झाले. भाऊ प्रत्येक विनोदाला सगळ्यांच्या आधी हसत होता.

तान्हा किरकिरायला लागला. ताईनं त्याला उपडं धरून पाठीवर हात फिरवला, तसा त्यानं ढेकर दिला आणि गप्प झाला. साहेबांची बायको कौतुकानं म्हणाली, "मावशी, काय सुंदर सांभाळता हो तुम्ही!"

ती पहिल्या दिवसापासून ताईला मावशीच म्हणत होती. ताईला ते गोड वाटलं होतं. मावशी म्हणजे आईची बहीण, असं ती धरून चालली होती. ज्या बाईचं नाव विचारायची गरज वाटत नाही तिलाही लोक मावशीच म्हणतात, हे तिला आत्ता, वाळूत उभं असताना कळलं.

"कुठून मिळवलीत हो ही?" साहेबांच्या बायकोनं भावाला विचारलं. "आमची आता थकली. मावशी, आमच्याकडे याल का? इथल्यापेक्षा जास्त देऊ."

टेबलावर हशा पिकला. खोलीतली बाई, म्हणजे ती थकलेली, शेजारीच उभी होती. ती साहेबांच्या मुलाच्या तोंडावरची वाळू पुसत राहिली.

ताईनं भावाकडे पाहिलं. यापेक्षा सोपी संधी त्याला कधी मिळाली नसती. दोन शब्दांचं काम होतं. भावानं नॅपकिननं ओठ टिपले, घसा साफ केला आणि म्हणाला, "नाही हो मॅडम, आम्ही नाही सोडणार यांना. फार जुन्या आहेत आमच्याकडे. अगदी घरच्यासारख्या."

यांना. आयुष्यात पहिल्यांदा भावानं तिला आदरार्थी संबोधलं होतं.

ताई पुढे झाली. तिनं तान्ह्याला भावाच्या मांडीवर ठेवलं, ताटात हात जाणार नाही असं नीट बसवलं.

"साहेब, बाळाला धरा," ती शांतपणे म्हणाली. "माझं काम इथे संपलं."

"काय झालं, मावशी?" साहेबांच्या बायकोनं विचारलं.

"काही नाही, बाईसाहेब. आमच्या साहेबांना लहानपणी मीच भरवायचे. तापात फणफणले की मांडीवर घेऊन बसायचे. आता मोठे झालेत. आपलं मूल स्वतः सांभाळू शकतील."

मोठे साहेब एकदा ताईकडे, एकदा भावाकडे पाहू लागले. दोघांचं नाक सारखं होतं, हनुवटीही. भावाचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. पिल्लू खुर्चीवरून ओरडली, "आत्या, कुठे चाललीस?" आणि भावजयीनं घाईघाईनं तिच्या तोंडात घास कोंबला.

ताई थांबली नाही. थांबली असती तर रडली असती, आणि त्या टेबलासमोर रडायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं.

खोलीत येऊन तिनं स्वयंपाकघरातून कात्री मागवली आणि पट्टी कापली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीपाल्याची बोट परत जाणार होती. तिच्यात जागा मिळेल असं खोलीतल्या बाईनं चौकशी करून सांगितलं. "आणि पोहायचंच असेल तर धक्क्यापलीकडे जा," ती म्हणाली. "आमची माणसं तिथेच उतरतात. तिथं कुणी काही विचारत नाही."

बोटीआधी ताई तिथे गेली. पाण्यात दगड होते, शेवाळ होतं, जवळच स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचा पाइप सुटत होता आणि पाण्यावर तेलाचा तवंग आला होता. तरी ती उतरली. थोडं आत गेल्यावर पाणी स्वच्छ झालं. तिनं हात मारले. खारं पाणी नाकातोंडात गेलं, डोळे चुरचुरले. मनात इतके दिवस जपलेलं काहीच घडलं नाही. नुसतं थंड पाणी आणि धाप. ती परत फिरली, अंग पुसलं आणि रिकाम्या टोपल्यांमध्ये जागा करून बोटीत बसली. धक्क्यावर कुणी आलं नाही.

सहलीवरून परतल्यावर भाऊ तिच्या घरी आला. माफी मागायला आला असेल असं तिला वाटलं.

"तू माझी अब्रू घालवलीस," तो दारातच म्हणाला. "साहेबांनी नंतर मला विचारलं, त्या खरोखर कोण? काय सांगायचं होतं मी?"

"काय सांगितलंस?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "सांगितलं, लहानपणापासून आमच्या घरी आहेत, म्हणून हक्कानं बोलतात."

ताईनं त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. तो न पिताच बसून राहिला. तो कशाची वाट बघतोय हे तिला कळत होतं. शाळेत मार खाऊन आला की, परीक्षेत नापास झाला की, तो असाच बसायचा आणि ती म्हणायची, "जाऊ दे रे, होतं असं." ते शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. तिनं ते गिळले.

"मग पुढच्या महिन्यापासून मुलांचं कसं करायचं?" त्यानं अखेर विचारलं. "हिची रजा संपतेय."

"बाई ठेवा," ताई म्हणाली.

त्यांनी बाई ठेवली. भाऊ कधीमधी फोन करतो. तब्येत कशी आहे, पाणी येतंय का, असं बोलणं होतं आणि दोघंही फोन ठेवायची घाई करतात. आपण बरोबर वागलो याबद्दल ताईला एकदाही शंका आली नाही. त्याचा उपयोगही काही झाला नाही. तान्हा पहिलं पाऊल टाकत होता तेव्हा त्याच्यापुढे हात पसरून बसलेली बाई तिनं मोबाइलवरच्या फोटोत पाहिली. चांगली तरुण, हसऱ्या चेहऱ्याची होती. फोटो मोठा करून ताई बराच वेळ तिचे हात बघत राहिली, धरायला पुरेसे जवळ आहेत की नाहीत ते.