हापूस तोलावा तशी काडतुसं

मी हेमाकाकूंच्या कपाटातला रिव्हॉल्वर बोलतोय. दचकू नका, गोळ्यांची चकरी रिकामी आहे आणि कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला आहे. आता मी बोलायला लागलो की चार शब्द इकडचे तिकडे होतात, पण रत्नागिरीत ते कोण मनावर घेतं?

जन्म माझा कारखान्यातला, तेलाच्या वासातला. अंगानं एवढासा की नारळाच्या करवंटीत झोपेन. सगळे माझं कौतुक करतात, "किती हलका हो!" पण रिव्हॉल्वर जितका हलका, तितका त्याचा हाताला हिसका जास्त, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गेल्या मोसमात आंबे चोरायला आलेल्या दोघांनी काकूंच्या दारावर लाथा घातल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, कलमांच्या बागेत काकू एकट्या. त्यांनी आतून पातेल्यावर कोयता बडवून असा गजर केला की चोर कुंपणाच्या दगडी गडग्यावरून उड्या टाकून पळाले. पण काकूंनी धसका घेतला तो घेतलाच. मग रीतसर परवाना निघाला आणि मी घरी आलो.

बाग सामाईक. त्यामुळे धाकटे दीर गोपाळकृष्ण यांनी अट घातली. "वहिनी, पाच गोळ्या नेमाच्या पुठ्ठ्यावर लागल्या तर राहा खुशाल. नाहीतर हे खेळणं परत करायचं आणि आमच्याकडे शहरात यायचं."

शहरात म्हणजे दिवसभर टीव्ही, आणि खिडकीतून दिसणार समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे. काकूंचं तोंडच उतरलं.

काडतुसं घ्यायला भावोजी बरोबर आले. जन्मभर हापूस निवडलेला माणूस! एकेक काडतूस तळव्यावर घेऊन, डोळे मिटून तोलायला लागले. एक तर नाकापाशीही नेलं.

"हे घ्या वहिनी. छान भरलंय. ते दुसरं पोकळ लागतंय हाताला."

"अहो, त्यात गोळी हलकी आणि दारू कमी आहे," दुकानदार म्हणाला. "एवढ्याशा रिव्हॉल्वरला तेच..."

"हलकं म्हणजे बिनरसाचं! मला शिकवताय?"

झालं. जड काडतुसं घेऊन आमची वरात मिरजोळ्यापलीकडच्या उघड्या कातळाच्या सड्यावर, नेमबाजीच्या मैदानात गेली. तिथे शिकवायला करुणाताई, पोलिसातून निवृत्त झालेल्या.

काकूंनी पहिला बार काढला. काय सांगू! माझं नाक आभाळाकडे, आणि सड्यावरचे बगळे जे उडाले ते थेट मुरुडच्या किनाऱ्यावर जाऊन टेकले. गोळी पुठ्ठा सोडून मागच्या मातीच्या बांधात. दुसऱ्या वेळी काकूंनी चाप ओढण्याआधीच डोळे गच्च मिटले. मला डोळे असते तर मीही मिटले असते. तिसऱ्या वेळी मनगटच आखडून बसलं.

"हातानं हिसक्याची धास्ती घेतली, काकू," करुणाताई म्हणाल्या.

"धास्ती कसली? पकड नाही. आणा इकडे!" भावोजी पुढे सरसावले.

"दोन्ही हातांनी धरा हं, काकूंसारखं," करुणाताई म्हणाल्या.

"मला एक पुरतो."

मी माझं काम केलं. भावोजींच्या तोंडून निघालेले शब्द इथे सांगण्यासारखे नाहीत. अंगठ्याचं बेचकं लालभडक! काकू पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांचं मनगट सैल झालं.

"करुणा, ती पोकळवाली आहेत का गो तुझ्याकडे?"

होती. त्यांतलं पहिलं सुटलं तेव्हा हिसका बसला, पण शेजारणीनं कोपरानं ढोसावं तेवढाच. गोळी मात्र पुठ्ठ्याच्या खाली गेली.

"बघा! जोरच नाही," भावोजी बेचकं चोळत म्हणाले.

"हलकी गोळी जरा खालीच लागते," करुणाताई म्हणाल्या. "किंचित वर धरा."

"ही अंदाजाची होती हो, भावोजी. आता मोजा," काकू म्हणाल्या.

मी श्वास रोखला. काकूंनी मात्र डोळे टक्क उघडे ठेवले. पाच बार, पाच भोकं, आणि सगळी एका पोळपाटाखाली झाकतील अशी!

भावोजी भोकांत बोट घालून बघत राहिले. "पण वहिनी, वजन..."

"आंबा पोटात जायचा असतो भावोजी. हे हातातून सुटायचंय, आणि हात माझा आहे."

तेव्हापासून काकू बागेत आणि मी कपाटात. अधूनमधून आम्ही सड्यावर सरावाला जातो, हलक्या काडतुसांनीच. परतल्यावर त्या मला पुसतात, तेल देतात आणि कुलपात ठेवतात. अजून एकाही माणसावर मी उडालेलो नाही. तसाच म्हातारा होऊ दे, एवढंच माझं मागणं.

एक सांगायचं राहिलं. पूर्वी भावोजी हाक न मारता थेट ओटीवर येऊन बसायचे. आता बाहेरच्या बेड्यापाशी, फाटकाचे आडवे बांबू न सरकवता, उभे राहतात आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडतात, "वहिनी, मी आहे हो, मी! गोपाळकृष्ण!"

काकू मुद्दाम जरा उशिरानंच ओ देतात. आणि मी? मी आत कुलपात गालातल्या गालात हसतो.