माझ्या पाठीवरच्या खुणा

मित्रांनो, दरवाजाचा जन्म उभं राहण्यासाठी असतो. मी मात्र कितीतरी वर्षे कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून आडवा पडून होतो, आणि गेल्या मे महिन्यात तर चुलीत जाता जाता वाचलो. मी एक जुना दरवाजा आहे, ऑस्ट्रेलियातल्या विमेराच्या गव्हाच्या मुलखातला.

नदीकाठच्या लाल निलगिरीच्या लाकडातून मला जेबेझ ट्रेगिअरने घडवलं. बायको फिलिपा आणि दोन लहान मुलं घेऊन तो या रानात आला होता. सरकारने जमीन दिली होती, पण घर बांधून राहिलात आणि कुंपण घातलंत तरच ती तुमची. म्हणून भिंती धड उभ्या राहण्याआधीच मी उभा राहिलो. लाकूड इतकं चिवट की जेबेझच्या करवतीचे दात पडले. "हा माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल," तो म्हणाला, आणि बिचारा खरं बोलला. त्या नदीकाठी आधीपासून राहणारी माणसं होती. त्यांना तिथून हुसकून लावलं, आणि त्यांची नावं माझ्यावर कोणी कोरली नाहीत. तेही मी सांगितलंच पाहिजे.

दर डिसेंबरात कापणी उरकली की जेबेझ मुलांना माझ्या आतल्या बाजूला पाठ टेकून उभं करी. डोक्यावर चाकूचं पातं आडवं धरून खाच पाडी. फिलिपा तापल्या खिळ्याने शेजारी नाव आणि साल डागे. मोठा सायलस हमखास टाचा उचली. "टाचा खाली, लबाडा!" असं जेबेझ ओरडे. धाकटी टॅमसिन मात्र श्वास रोखून, डोळे मिटून उभी राही. तिला जेबेझच्या आईचं नाव दिलं होतं. त्या म्हातारीला इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये एकटी सोडून आल्याचा सल त्याच्या मनातून कधी गेला नाही.

टॅमसिनच्या दोनच खुणा झाल्या. १८७६च्या हिवाळ्यात घटसर्पाने तिला तीन दिवसांत नेलं. तिकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो, त्याने वाटा बंद झाल्या होत्या. धर्मोपदेशक नाही, नोंद करायची कचेरी चाळीस मैलांवर, आणि घरात पेटीपुरतं लाकूडही नाही. जेबेझने माझ्या मधल्या दोन फळ्या उचकटल्या. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळाच घे. त्या फळ्यांची छोटी पेटी झाली. बुलोकच्या झाडाखाली तिला ठेवून जेबेझने वर दगड रचले. माझी फट त्याने चहाच्या खोक्याच्या फळ्यांनी बुजवली.

पुढच्या वर्षी पुन्हा मुलगी झाली. तिचंही नाव टॅमसिनच ठेवलं. त्या लोकांत तशी रीतच होती. मूल गेलं तरी वडीलधाऱ्यांचं नाव जाऊ द्यायचं नाही, ते पुढच्या मुलाला द्यायचं. फिलिपाच्या तोंडून मात्र ते नाव महिनाभर निघेना. ती नुसतं "बाळ" म्हणायची. गेलेल्या मुलीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे विटांचं घर झालं. मला हिरवा रंग फासला, मग धान्याच्या कोठाराला लावलं, मग खुराड्यावर टाकलं. जेबेझ आणि फिलिपा गेले, पुढे सायलसही गेला. दुसरी टॅमसिन साऱ्या कुटुंबाची टॅमआत्या होऊन, म्हातारी होऊन गेली. पहिलीला ओळखणारा मी एकटाच उरलो.

आता सायलसचा नातू क्लेम शेती बघतो. त्याची थोरली बहीण मर्ल शाळेतून निवृत्त झाल्यापासून पूर्वजांच्या मागे हात धुऊन लागली आहे. कुटुंबाच्या मेळाव्यासाठी तिला वंशवृक्ष छापायचा होता. त्या दिवशी ती कागद फडफडवतच अंगणात आली.

"क्लेम, टॅमआत्याचा बाप्तिस्मा सापडला. १८७१! आणि थडग्यावर जन्म १८७७. सहा वर्षं गिळली की रे बाईने!"

"तरीच लग्न जमलं नाही तिचं," क्लेम हसला. "छापून टाक. मेळाव्यात मजा येईल."

माझा जीव कळवळला. पण बिजागऱ्याच नाहीत, तर करकरणार कसा? क्लेमने मला खुराड्यावरून ओढलं आणि करवत सुरू केली.

"जुनं लाल लाकूड आहे, दिवसभर धगेल. हे झालं की उद्या शेतातले ते दगडही काढतो. नवं पेरणीयंत्र तिथे वळत नाही." एवढं बोलून त्याने मला पालथा केला.

"अरे थांब! बंद कर ते!"

पावसाने रंगाचे पापुद्रे सुटले होते. मर्लने रुमाल थुंकीने ओला केला आणि कोंबड्यांची घाण खरवडत खुणा वाचू लागली. सायलस, १८७४. टॅमसिन, १८७४. टॅमसिन, १८७५. मग तिचं बोट खाली सरकलं. टॅमसिन, १८८०.

"क्लेम, पाच वर्षांत पोरगी उंच व्हायची सोडून बुटकी कशी झाली?"

"जेबेझ ढोसून मापं घेत असेल."

"मेथडिस्ट होता तो, गाढवा! थेंबाला शिवत नव्हता." एवढं म्हणून ती उलट्या बादलीवर मटकन बसली. "दोघी होत्या रे. पहिली गेली, म्हणून तिचं नाव दुसरीला दिलं. आणि मी आत्याला खोटारडी ठरवत होते. पण मग पहिलीला ठेवलं कुठे?"

क्लेम बराच वेळ माझ्या चहाच्या खोक्याच्या फळ्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने बुलोककडे पाहिलं.

"बाबा त्या दगडांना वळसा घालूनच पेरायचे. आजोबाही. बाबांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, तिथे नांगर न्यायचा नाही. मला वाटलं, कुत्रा पुरला असेल. उद्याच काढणार होतो गं मी ते दगड."

त्याने करवत गोठ्यात नेऊन ठेवली. मर्लने तिथेच, माझ्यावर कागद ठेवून, वंशवृक्षाला एक छोटी फांदी काढली. त्या वर्षी बुलोकभोवतीची जमीन पेरलीच नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जाळण्याआधी एकदा उलटून बघत जा. कागदावर न चढलेली माणसंही कुठेतरी पाठ टेकून उभी राहिलेली असतात.

आता मी क्लेमच्या ओसरीवर उभा आहे, खुणांची बाजू बाहेर करून. ऑक्टोबरात मेळावा भरला तेव्हा पोरांची मापं घ्यायला झुंबड उडाली. मर्लची चार वर्षांची पणती पुढे आली, मला पाठ टेकून तिने श्वास रोखला आणि डोळे मिटले. तिचं डोकं बरोबर १८७५च्या खाचेला टेकलं. इतक्या वर्षांनी त्या खाचेला पुन्हा ऊब लागली.