टिचकीचा कौल

कल्पना करा बरं, तुम्ही माळ्यावर उताणे पडला आहात. नाकाच्या हातभर वर लाल कौलांचं छप्पर आहे. त्यात एकच कौल काचेचं, आणि त्यातून उन्हाचा एक चौकोन फळीवर उतरून हळूहळू सरकतोय. दिसला? आता गपचूप पडून राहा, कारण ही जागा टिचकीची आहे आणि तुम्ही तिला न विचारता इथे आलाय.

टिचकी आठ वर्षांची. दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारायची आणि कान लावायचा ही तिची खोड, म्हणून हे नाव. माळ्याच्या फळ्यांवर तिने खडूच्या रेघा ओढल्या होत्या. चौकोन पहिल्या रेघेवर आला की दूधवाला, दुसरीवर शाळा, तिसरीवर आईची जेवायला हाक. असं घड्याळ गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

आणि आज त्याच घड्याळावर संक्रांत आली होती.

"पुरे झालं!" खाली बाबा गरजत होते. "पाऊस आला की दारापाशी टपटप! तीन वर्षं वर चढून दारावरची कौलं बदलतोय, तरी गळतंच. आता सगळं छप्पर उतरवायचं आणि पत्रे घालायचे."

"पत्र्यात काचेचं कौल बसतं?" माळ्यावरून बारीक आवाज आला.

"पत्र्याशेजारी पत्राच बसतो, बाईसाहेब."

टिचकीने उन्हाच्या चौकोनावर तळहात दाबून धरला.

"तुमचं आपलं उचलली जीभ, लावली टाळ्याला," आई म्हणाली. "मिस्त्री दारात उभे आहेत, त्यांना तरी बोलू द्या."

"बरं. मग रीतसर ठरवू. पत्रे की दुरुस्ती? प्रत्येकाचा कौल हवा. पाच मिनिटांत!"

वर एकच खडबड झाली. शिडीवरून टिचकी उतरली. केसांत जळमटं, आणि बाळ कडेवर घ्यावं तसं एक लाल कौल.

"हे घ्या माझं!"

बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अगं वेडाबाई, मी 'तो कौल' म्हणालो. तो कौल म्हणजे मत! तू 'ते कौल' उपसून आणलंस!"

टिचकीचे कान लालेलाल झाले. पण मिस्त्रीकाका हसले नाहीत. त्यांनी कौल हातात घेतलं आणि सवयीने त्यावर बोट वाजवलं.

बद्द.

"तडा गेलेलं मडकं असंच वाजतं!" टिचकी ओरडली.

"शाब्बास! कान तयार आहेत तुझे." काकांनी कौल उलटं केलं. केसाएवढी चीर, आणि तिच्या कडेने पाण्याचा काळा ओघळ. "कुठलं काढलंस हे?"

"काचेच्या कौलाशेजारचं. वाशाला खेटून होतं."

"पण तिथे कधीच गळत नाही," बाबा म्हणाले.

"गळत नाही, साहेब, शिरतं. पाणी तिथे शिरतं, वाशाचं बोट धरून उतार उतरतं आणि दारापाशी खाली पडतं. तुम्ही तीन वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी देताय!"

आई पदरात तोंड लपवून हसली. टिचकीने तर उडीच मारली. "म्हणजे दुरुस्ती?"

"थांब गं. तीन वर्षं भिजून वासा आतून कुजला असेल, तर बाबांचंच खरं. मग छप्पर उतरवावंच लागेल."

सगळे एकामागोमाग माळ्यावर चढले. काकांनी वाशात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. टोक आत जाईना. हातभर पुढे सरकून पुन्हा खुपसला. तिथेही नाही. दाराच्या बाजूला मात्र टोक कच्चकन आत गेलं आणि टिचकीने डोळेच मिटले.

"उघड डोळे. वरची साल तेवढी मऊ आहे. आत वाजवून बघ."

काकांनी साल खरवडली. टिचकीने बोट वाकवून टिचकी मारली.

टक्!

बाबांनी स्वतः वाजवून पाहिलं. टक्! मग घसा खाकरून ते म्हणाले, "माझा कौल... तो कौल हं, ते नव्हे... दुरुस्तीला."

"माझाही!" आई म्हणाली.

काकांनी नवं कौल बसवलं, बाहेरून छपरावर चढले आणि बादलीभर पाणी ओतलं. खाली दारापाशी तिघं माना वर करून, श्वास रोखून उभी. एक बादली झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. थेंब नाही!

तिघांनी अशी आरोळी ठोकली की वरून काका ओरडले, "अहो, गळायचं थांबलं, आता उडवू नका छप्पर!"

खाली उतरून हात पुसत ते म्हणाले, "बाकीची कौलं उद्या येऊन एकेक वाजवतो. आणखी एखादं बद्द निघायचं."

उद्या? टिचकीने स्वयंपाकघरातून लाकडी पळी उचलली, दोन-दोन पायऱ्या गाळत शिडी चढली, उन्हाच्या चौकोनाशेजारी उताणी पडली आणि पहिलं कौल वाजवून कान लावला.