दर सोमवारची बाटली

जेवताना खोकला आला, घशात काही आलं, तर उठावं, मोरीत थुंकावं, चूळ भरावी आणि मग पुन्हा ताटावर बसावं. एवढी रीत जिजींनी आपल्या तिन्ही पोरांना दात येण्याआधी लावली होती. धाकटा मात्र चौतिसाव्या वर्षी घशात आलेलं गिळत होता. एकदा नाही, चारदा. गिळून वर घोटभर पाणी पीत होता, वैद्याने दिल्यासारखं.

"थुंक की मेल्या," जिजी म्हणाल्या.

"थुंकून कसं चालेल, आई? तेच तर खाली पोटात जायला हवेत."

"कोण तेच?"

मग त्याने सांगितलं, अगदी कौतुकाने. तो जंतांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत होता. काचेवर लोकांची विष्ठा पसरायची आणि त्यातली अंडी मोजायची, हे त्याचं काम. शेजारपाजारी जिजी 'रक्त तपासतो' एवढंच सांगत. आता त्याच्या वरिष्ठ मॅडमनी त्याच्या हातावर ओल्या पट्टीखाली पन्नास अळ्या ठेवल्या होत्या, केसाहून बारीक. त्या कातडीतून आत शिरल्या, रक्तातून फुप्फुसात आल्या, आणि आता खोकल्याबरोबर घशात येत होत्या. गिळल्या की आतड्याला तोंडाने चिकटून वर्षानुवर्षं रक्त पीत बसणार. हे जंत माणसावाचून दुसरीकडे नीट वाढत नाहीत. प्रयोगांना नव्या अळ्या हव्यात, तर कुणीतरी जुन्यांना पोटात सांभाळायला हवं. तो मान त्याला मिळाला होता.

जिजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे उद्यापासून मी वाढायचं ते पन्नास बिऱ्हाडांना?"

थोरली सून फिसकन हसली. मग तिने आपलं ताट उचललं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्यानेच जेवली.

त्या दिवसापासून घराचे दोन भाग झाले. धाकट्याचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, भांडं वेगळं. संडासात तो जाऊन आला की जिजी बादलीभर फिनेल घेऊन आत शिरत. एका सोमवारी सकाळी फ्रिज उघडला, तर दुधाच्या पिशवीला टेकून निळ्या झाकणाचा डबा. कामावर न्यायला त्याने 'जरा गार' ठेवला होता. तिकडे तो ऐवज कोळशाच्या भुकटीत कालवायचा म्हणे, म्हणजे आठवड्यात अळ्या निघतात. 'कालवायचा' हा शब्द ऐकताच जिजींनी दुधाची पिशवी उचलली. त्यांनी दूध ओतून दिलं, फ्रिज सोड्याने दोनदा पुसला, आणि तरीही पुढे कित्येक महिने चहा कोराच प्यायल्या.

म्हणूनच, पहिला महिना सरल्यावर धाकटा एका सोमवारी सुई घेऊन आला आणि म्हणाला, "आई, एका घरात राहतो आपण. तुला लागले नाहीत ना ते बघायला हवं," तेव्हा जिजींनी त्याच क्षणी पदर सारून हात पुढे केला. जांभळ्या बुचाची एक छोटी बाटली भरली. संध्याकाळी तो सांगत आला, "एकदम स्वच्छ. आणि रक्त साडेतेरा. तुझ्या वयाच्या बायकांना दहासुद्धा नसतं."

मग दर सोमवारी हात पुढे आणि संध्याकाळी 'स्वच्छ'. साडेतेराचा आकडा जिजींनी जिन्यावरच्या सगळ्या बायकांना ऐकवला. दर सोमवारी आईचं रक्त तपासून घेणारा मुलगा कुणाच्या घरात आहे, असंही वर विचारलं.

धाकटा मात्र उतरत चालला. ओठ धुवट कापडासारखे झाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना तो प्रत्येक वळणावर थांबे आणि मोबाइलवर बोलत असल्याचं सोंग करी. जिजी त्याला अंडी, पालेभाज्या, कलेजी करून घालत. पातेलं त्याच्यापुढे सरकवत आणि तोंड फिरवून बसत. पोराला वाढायचं सोडवेना, आणि तो गिळताना पलीकडे कोण आ वासून बसलंय ते मनातून जाईना.

"गोळी घेऊन मार की त्यांना एकदाचं," त्या म्हणत.

"रक्त अकराच्या खाली गेलं तर मॅडमच देतील. माझं छान आहे. आई, या कामावर माझं नाव लागणार आहे. कायमची जागा होईल."

सातव्या महिन्यात मॅडम स्वतः घरी आल्या. साध्या, पन्नाशीच्या, खांद्याला पिशवी. जिजींनी आधी त्यांची नखं पाहिली. स्वच्छ होती. मग खुर्ची दिली. धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुमच्या मुलाने आम्हाला चकित केलंय," मॅडम म्हणाल्या. "पोटात जंत भरपूर, अंडी ढिगाने पडतात, आणि रक्त सात महिन्यांत तेराच्या खाली आलेलं नाही. जंत असले की रक्तातल्या काही पेशी वाढतात, त्यासुद्धा वाढल्या नाहीत. असं शरीर मी पाहिलं नव्हतं. हे घराण्यात असेल, म्हणून तुमचं रक्त मागायला आलेय."

"आमच्या घराण्यात असले पाहुणे कुणी पोसले नाहीत," जिजी म्हणाल्या. "मला लागले असते तर तुमच्या दारात येऊन बसले असते."

मॅडम हसल्या. "तुम्हाला कसे लागतील? मातीत विष्ठा पडली आणि त्यावर कुणी अनवाणी चाललं, तरच लागतात. पक्क्या संडासाच्या घरात ही भीती नाही. याने सांगितलं नाही तुम्हाला?"

जिजींनी धाकट्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"याचं रक्त कोण काढतं?" त्यांनी विचारलं.

"तोच. दर सोमवारी सकाळी घरी काढून आणतो. त्याचा हात चांगला आहे. त्याच्या आकड्यांवरच आम्ही ठरवलंय, पुढच्या तुकडीला दुप्पट अळ्या देऊ. बावीस जण आहेत, बहुतेक कॉलेजातली मुलं. परवापासून सुरू."

जिजी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. धाकटा मागोमाग आला.

"आई, सुई चालत नाही म्हण. चक्कर येते म्हण."

"तुझं किती आहे?"

"मी लोहाच्या गोळ्या घेतोय गुपचूप. होईल वर."

"किती आहे ते विचारलं मी."

"मोजलं नाही दोन महिने." तो ओट्याला धरून उभा होता. "एकदा नाव लागू दे. मग मी स्वतः गोळी घेतो. तुझ्या पाया पडतो."

"आणि ती बावीस पोरं?"

"ती जवान आहेत गं. त्यांना काय होतंय."

जिजींनी ग्लास भरला, तो तसाच मोरीत ओतला आणि बाहेर आल्या. त्यांनी धाकट्याला बाहीला धरून सोबत आणलं होतं.

"बाई, घ्या माझं. पण आधी याचं घ्या, इथे, माझ्यासमोर. आणि दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा."

मॅडमना काही कळेना. तेव्हा जिजींनी धाकट्याची हनुवटी पकडली आणि अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून दाखवली. आतला भाग उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा होता. मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी पिशवी उघडली.

धाकट्याची बाटली बीट उकळलेल्या पाण्यासारखी दिसत होती. जिजींची गडद. छोट्या यंत्रावर मॅडमनी एकेक थेंब ठेवला. धाकट्याचं साडेसात. जिजींचं साडेतेरा.

"सोमवारच्या सगळ्या बाटल्या माझ्या," जिजी म्हणाल्या. "मला लागण झाली का बघतो म्हणून नेत होता."

मॅडमनी यंत्र बंद केलं. मग पिशवीतून गोळी काढून टेबलावर ठेवली. "ही आत्ता घे. उद्या सकाळी सगळे कागद घेऊन ये. सात महिन्यांचं सगळं फेकावं लागेल." त्या जिना उतरून गेल्या. जाताना त्यांनी धाकट्याकडे पाहिलं नाही.

सून दारात उभी होती. धाकटा खुर्चीत बसून रडायला लागला. "संपलं माझं. तूच संपवलंस. आईने असं करावं?"

जिजींनी हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, पुसले, आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुझं रक्त त्या किड्यांनी प्यायलं, ते तू होऊन पाजलंस, तुझं तू बघ. माझं मात्र घाबरवून काढलंस, तुझ्या नावाने खपवलंस, आणि त्या जोरावर परक्यांच्या पोरांच्या अंगात किडे सोडायला निघालास. गोळी घे. उद्या त्या बावीस जणांसमोर उभा राहा आणि तो आकडा तुझ्या आईचा होता हे तुझ्या तोंडाने सांग. तोवर ताट घेऊन जिन्यात जेव. मला तुझी किळस येते."